बेल्ट ड्राइव्हची गाडी, काही महिन्यांनंतर: स्विंगआर्मवरच्या खुणांवर किती विसंबायचे?

बेल्ट ड्राइव्ह म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनाची ताकद चेनऐवजी दातेरी बेल्टने मागच्या चाकाला देण्याची पद्धत. तिच्या बाजूने जे बोलले जाते, ते बहुतेक खरे आहे. चेनला तेल लावण्याचे काम उरत नाही, मागच्या रिमवर काळे शिंतोडे उडत नाहीत आणि कमी वेगातही गाडी धक्के न देता चालते. हार्ले-डेव्हिडसनने १९८० मध्ये स्टर्जिस मॉडेलवर दातेरी बेल्ट आणला, पुढे बीएमडब्ल्यूने २००६ च्या एफ ८०० एस आणि एसटी या गाड्यांवर तोच मार्ग धरला, त्यामुळे ही पद्धत पुरेशी पारखलेली आहे. माझी तक्रार बेल्टबद्दल नाही. तो सरळ बसला आहे की नाही, हे ज्या बेफिकिरीने तपासले जाते, त्याबद्दल आहे.

मागचा टायर बदलून गाडी हाती आली, तेव्हापासून बेल्टच्या बाजूने चिवचिव ऐकू येऊ लागली. वेग वाढला की ती वाऱ्यात विरून जाई, पण गाडी ढकलत पार्किंगमध्ये नेताना अगदी स्पष्ट ऐकू येई. सर्व्हिस सेंटरने फार विचार न करता सांगितले की बेल्ट गेला आहे, नवा टाकावा लागेल. हा बेल्ट अखंड असतो. अनेक गाड्यांत तो बदलायचा तर स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) मोकळा करावा लागतो, म्हणजे बेल्टच्या किमतीवर मोठी मजुरीही चढते. दाते शाबूत, मुळाशी भेग नाही, कडेला एकही धागा बाहेर आलेला नाही, अशा बेल्टसाठी एवढा खर्च करायला मी साफ नकार दिला.

अलाइनमेंटचे, म्हणजे चाक सरळ रेषेत बसल्याचे काय, असे विचारल्यावर मला स्विंगआर्मवरच्या खुणा दाखवण्यात आल्या: दोन्हीकडे ॲडजस्टर (चाक पुढे-मागे सरकवणारा स्क्रू) एकाच रेघेवर, म्हणजे चाक सरळ. हा युक्तिवाद मला मुळीच पटला नाही. ती रेघ स्वतःच बऱ्यापैकी जाड असते आणि डोळा थोडा वर-खाली झाला तरी वाचन बदलते. दोन ॲडजस्टरांमध्ये २५० मिलिमीटर अंतर धरले आणि एक बाजू फक्त १ मिलिमीटर मागे राहिली, तर मागच्या पुलीचा (बेल्ट ज्यावर फिरतो त्या दातेरी चाकाचा) रोख ६०० मिलिमीटर पुढे असलेल्या पुढच्या पुलीपाशी सुमारे २.४ मिलिमीटरने चुकतो. चेन एवढे बऱ्याचदा सहन करून घेते. रुंद आणि ताठ बेल्ट मात्र पुलीच्या कडेच्या भिंतीवर जाऊन घासू लागतो, आणि चिवचिव तिथूनच येते.

शेवटी मोजमाप मी स्वतः केले. त्यासाठी वेल्डिंगची एक सरळ सळई, तिचे टोक काटकोनात वाकवलेले, आणि सळईवर घट्ट सरकणारी रबरी रिंग एवढेच साहित्य पुरते. वाकवलेले टोक स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टच्या (ज्याभोवती स्विंगआर्म हलतो त्या बोल्टच्या) मधोमध टेकवायचे, रिंग सरकवून ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या केंद्रावर आणायची आणि सळई तशीच दुसऱ्या बाजूला लावून पाहायची. माझ्या गाडीत दुसऱ्या बाजूला रिंग ॲक्सलच्या केंद्राच्या स्पष्टपणे पुढे राहिली. खुणा मात्र दोन्हीकडे एकाच रेघेवर होत्या.

त्यानंतरचा पुरावा बेल्ट स्वतः देतो. गाडी स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने पुढे फिरवायचे आणि बेल्ट पुलीवर कुठे स्थिरावतो ते पाहायचे. बोटे बेल्ट आणि पुलीपासून दूर ठेवायची, कारण हाताने फिरणारे चाकही बोट सहज आत ओढते. बेल्ट एका कडेकडे थोडा झुकणे किंवा भिंतीला हलकेच टेकणे चालते. तो भिंतीवर दाबून धावत असेल, तिथे ताजी चकाकती पट्टी आणि काळी भुकटी दिसत असेल, तर काम बाकी आहे. माझ्या पुलीवर या दोन्ही गोष्टी होत्या. ॲक्सलचे नट सैल करून एकच ॲडजस्टर अगदी थोडा फिरवायचा, चाक काही फेरे फिरवायचे आणि पुन्हा पाहायचे. इथे घाई अजिबात उपयोगाची नाही.

टेन्शन, म्हणजे बेल्टचा ताणही त्याच वेळी पाहावा लागतो, कारण ॲडजस्टर हलला की तोही बदलतो. बेल्ट थंड असताना, खालच्या बाजूच्या मधोमध मॅन्युअलमध्ये दिलेला जोर लावून (अनेक गाड्यांसाठी तो १० पौंड, म्हणजे सुमारे ४.५ किलो असतो) बेल्ट किती दबतो ते मोजायचे. चाक फिरवत वेगवेगळ्या जागी मोजून जिथे बेल्ट सर्वांत घट्ट लागतो, ती जागा प्रमाण धरायची. ॲक्सलचे नट टॉर्क रेंचने आवळताना ॲक्सल किंचित सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर सगळे पुन्हा तपासायचे. सर्व्हिस सेंटरमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते, असे माझे ठाम मत झाले आहे.

एका मित्राचे लेझर उपकरणही वापरून पाहिले. ते सोयीचे आहे, पण पुलीच्या ज्या सपाट भागावर ते टेकते, तिथे थोडी माती राहिली तरी किरण भलतीकडे जातो. सळईने जे सांगितले त्याहून वेगळे काही त्याने सांगितले नाही, त्यामुळे ते विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

खुणांबद्दलचे माझे मत मात्र काही महिन्यांत सौम्य झाले आहे. चाक खरोखर सरळ बसल्यावर दोन्ही बाजूंना ॲडजस्टर जिथे होता, तिथे मी पांढऱ्या रंगाने बारीक रेघ ओढून ठेवली. आता पंक्चरसाठी चाक काढले तरी निदान कुठून सुरुवात करायची ते कळते. कारखान्याच्या रेघा एवढ्यापुरत्या वापरायला हरकत नाही, अंतिम निर्णय सळई आणि पुलीवरचा बेल्टच देतो.

आवाज थांबला आहे आणि बेल्ट जुनाच आहे. अधूनमधून साबणाच्या पाण्याने धुण्यापलीकडे त्याला काही लागत नाही. त्यावर तेल किंवा चेनचा स्प्रे कधीही मारू नये, आणि काढलेला बेल्ट दुमडून ठेवू नये, कारण घडीपाशी आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. माझी एकच तक्रार शिल्लक आहे: पुढच्या पुलीवरचे आवरण. ते काढल्याशिवाय तिथली कड दिसत नाही, आणि त्याचा खालचा बोल्ट सायलेन्सरच्या इतका जवळ आहे की साधा पाना तिथे पोहोचतच नाही.