३४९ रुपये महिना आणि अंड्यासारखी परात

परवा सकाळी बँकेचा मेसेज: ३४९ रुपये वजा. ऑटो-रिन्यू बंद करायचं पुन्हा राहून गेलं. फोटोंच्या गेमसाठी फाइली करून देणाऱ्या एका अ‍ॅपचा हा आठवा हप्ता, म्हणून आता त्याचं परीक्षण लिहूनच टाकतो.

भाचा आणि मी मिळून कॉम्प्युटरवरचा एक छोटा गेम करतोय. गोदेला पूर आलाय आणि पाणी नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं त्यावर लेव्हल ठरते. भिंती-पायऱ्या खऱ्याच हव्यात, म्हणून पावसाळ्यातले ढगाळ दिवस गाठून पंचवटीत आणि घाटावर फोटो काढले. (उन्हात काढू नका. फोटोत सावली चिकटून येते आणि गेममधला सूर्य भलतीकडेच असतो.) त्यांच्या डीडीएस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला थेट वाचता येणाऱ्या, फाइली करायला हे अ‍ॅप घेतलं. आयफोनचे एचईआयसी फोटो ते कुरकुर न करता घेतं, एवढं मान्य.

पहिल्याच महिन्यात मी सपोर्टवाल्यांशी भांडलो. तीन एमबीच्या जेपीजीची फाइल सव्वापाच एमबीची? पैसे दाबायचे घेता की फुगवायचे? उत्तर तुसडं आलं, पण बरोबर त्यांचंच निघालं. जेपीजी डिस्कवर लहान दिसतो. ग्राफिक्स कार्डात तो पूर्ण उलगडावा लागतो आणि २०४८ बाय २०४८ चं एक टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या भिंतीवर चिकटवायचं चित्र, १६ एमबी खातं. बीसी७ नावाच्या दाबायच्या पद्धतीत तेच कार्डातही ४ एमबीच राहतं. लांबून दिसायला लागणाऱ्या छोट्या प्रती, म्हणजे मिपमॅप, धरल्या की झाले सव्वापाच. इथे माझा एक स्टार परत.

पण परात! घरातली तांब्याची परात, वरून काढलेला फोटो, गेममध्ये उभं अंडं. ४००० बाय ३००० चा फोटो चौकोनी करताना हे अ‍ॅप कापत नाही, रुंदीकडून दाबतं. विटाही तशाच चिरडलेल्या. त्या मला दोन महिने कळल्या नाहीत, परातीनं चोरी पकडून दिली. सपोर्टचं म्हणणं, गेममध्ये परत ताणून घ्या. एकट्या परातीला चालेल हो, पण शेजारी शेजारी लावायच्या भिंतीला प्रत्येक ठिकाणी वेगळं गणित कोण करत बसणार? 'कापा की दाबा' एवढं विचारणारं एक बटण मागितलं. सहा महिन्यांत तीन अपडेट आले, तिन्हींत आयकॉनचा रंग बदलला.

आता फोनमध्येच चौकोनी कापतो आणि बाकी सगळं जिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये, फुकट. तिथे सुरुवातीला सगळं बीसी१ या बीसी७ च्याच जातीच्या पद्धतीत काढलं, कारण जागा आणखी निम्मी. विटांना छान चाललं. घाटाचा काळा दगड मात्र शेवाळल्यासारखा हिरवट दिसायला लागला. बीसी१ हिरव्या रंगाला ६ बिट देतं, लाल आणि निळ्याला ५-५, त्यामुळे तिन्ही रंग सारखे लागणारी राखाडी छटा कुठे हिरवी, कुठे जांभळट झुकते. पुराच्या गेमला शेवाळ शोभतं, असं भाच्याचं मत. मी काळ्या दगडापुरतं बीसी७ ठेवलं. ते मायक्रोसॉफ्टच्या टेक्सकॉन्व्हनं होतं. काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते, पण तेही फुकट.

म्हणजे २७९२ रुपये देऊन मी काय शिकलो, तर फोटो आधी कापायला.

सबस्क्रिप्शन काल रात्री बंद केलं. बटण 'प्रोफाइल'मध्ये नाही, 'मदत'मध्ये सगळ्यात खाली आहे. पुढच्या महिन्यात मेसेज आलाच, तर इथेच पुढे लिहीन.