लायसन्स न लागणारा ४४६ वाला वॉकीटॉकी : चार महिने ट्रेकला वापरून

जूनमध्ये ग्रुपसाठी चार सेट घेतले, राजगड तोरणा हरिश्चंद्रगड सगळीकडे फिरवून झाले, म्हणून आता सविस्तर लिहितेय. आधी निकाल सांगते, घ्या, नक्की घ्या, पण खोक्यावर ६०८ चॅनेल लिहिलंय त्याला भुलू नका. चॅनेल १६च आहेत.

२०१८ पासून भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा या छोट्या सेटना बिनपरवाना मोकळा आहे. म्हणजे फक्त २०० किलोहर्ट्झ, त्याचे साडेबाराचे १६ तुकडे, आणि डोंगरावर जेवढे ग्रुप असतील त्या सगळ्यांनी तेच वाटून घ्यायचे. मग ६०८ कुठून आले, तर १६ गुणिले ३८ कोड. कोड म्हणजे बोलण्याच्या खाली सतत चालू असलेला एक खर्जातला सूर, तो जुळला तरच समोरचा सेट स्पीकर उघडतो. दुसऱ्या ग्रुपचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच, हवेत ते चालूच असतं आणि चॅनेल अडलेलंच असतं. वर याला प्रायव्हसी कोड म्हणतात, जे साफ चूक आहे, कारण कोड न लावलेला कोणीही तुमचं सगळं ऐकू शकतो.

राजगडला ऑगस्टमधल्या एका रविवारी याचाच फटका बसला. गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढत होतो, मी पुढे, आमचा दादा सगळ्यात मागे. कातळटप्प्याखाली एकीचा पाय मुरगळला, दादाने सेटवर तीनदा सांगितलं, माझ्या सेटवर चकार शब्द नाही. शेवटी मॉनिटर बटण (कोड न बघता चॅनेलवरचं सगळं ऐकवतं ते) दाबलं तर त्याच चॅनेलवर दुसरा ग्रुप, कोड वेगळा, निवांत गप्पा चालू. ते माझ्या जवळ होते, त्यांचा सिग्नल जोरात, त्यात दादाचा दबून गेला. त्यांची काही चूक नाही, त्यांनाही लाइन मोकळीच वाटत असणार.

मोबाइलमध्ये हे का होत नाही तर तिथे टॉवर पाळी लावतो. जुन्या जीएसएममध्ये, म्हणजे टूजी मोबाइलमध्ये, एवढ्याच २०० किलोहर्ट्झवर ८ जण एका वेळी बोलायचे, साधारण ४.६ मिलिसेकंदात प्रत्येकाची एक पाळी, एवढ्या भराभर की कुणाला तुटक वाटायचंच नाही. इथे पाळी लावणारं कोणी नाही, ती आपणच लावायची. तेव्हापासून आमचा नियम, आधी मॉनिटर दाबून ऐकायचं, मग बटण दाबून क्षणभर थांबायचं (नाहीतर पहिला शब्द कापला जातो) आणि दोन वाक्यांत संपवायचं. मेनूत बिझी चॅनेल लॉकआउट असतं, ते चालू करा, कोणी बोलत असेल तर तुमचा सेट बोलूच देत नाही.

रेंजचं म्हणाल तर समोर दिसत असेल तर मस्त, मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. बॅटरी आम्हाला दिवसभर पुरली, पावसात मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा लागला.

घेताना सेट याच पट्ट्यातला आणि मंजुरी असलेला आहे ना हे बघाच, ऑनलाइन भलत्या फ्रिक्वेन्सीचे पण मिळतात आणि त्यांना लायसन्स लागतं. आणि गर्दीच्या गडावर पायथ्यालाच बाकीच्या ग्रुपना विचारून घ्या, तुम्ही कुठल्या चॅनेलवर आहात. आम्ही आता गुंजवण्यात गाडी लावली की पहिलं तेच करतो.