कोचला आणखी एक सीझन द्यायचा की नवा माणूस आणायचा?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या गावात राहिलं की कधी ना कधी नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न समोर येतोच. टीम ३-७ वर (तीन विजय, सात पराभव) अडकलेली असते. कोच बहुधा त्याच कॉलेजचा जुना खेळाडू असतो, त्यामुळे त्याच्यावर चिडतानाही जीव तुटतो. सीझन तिकिटं ठेवायची का, डोनेशन चालू ठेवायचं का, माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत कोणत्या बाजूने बोलायचं, हे ठरवायचं असतं. मी लिंकनला नेब्रास्का विद्यापीठात शिकलो आणि आता ओमाहात राहतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आमचे तेव्हाचे कोच स्कॉट फ्रॉस्ट यांच्या बाबतीत मला बाजू घ्यावी लागली होती. आता इतर कॉलेजांतून शिकलेले मराठी मित्र मला हेच विचारतात, म्हणून दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहतो. माझं माप अर्थातच नेब्रास्काचं आहे. तुमच्या कॉलेजला ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

आधी ‘वेळ द्या’ म्हणणाऱ्यांची बाजू. ती कमकुवत आहे असं मला कधीच वाटलं नाही.

या बाजूचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे व्हर्जिनिया टेकचे कोच फ्रँक बीमर. १९८७ मध्ये ते आले तेव्हा आधीच्या कारभारामुळे एनसीएएची (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची) शिक्षा लागली होती, स्कॉलरशिपही कमी झाल्या होत्या. पहिलं वर्ष २-९, दुसरं ३-८. मधली दोन वर्षं बरी गेली, १९९१ ला ५-६ झालं आणि १९९२ ला, म्हणजे सहाव्या वर्षी, २-८-१ (एक बरोबरी). आजच्या काळात कोणत्याही कॉलेजने त्यांना १९९३ पाहू दिलं नसतं. पण अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (कॉलेजच्या खेळ विभागाचे प्रमुख) डेव्ह ब्रेन यांनी त्यांना ठेवलं. बीमरनी काही सहाय्यक बदलले. १९९३ ला ९-३ आणि इंडिपेंडन्स बोल (सीझनअखेरीस चांगल्या टीम्समध्ये होणारा खास सामना) जिंकला, आणि तिथून २०१५ ला निवृत्त होईपर्यंत त्यांची टीम एकही वर्ष बोल गेमशिवाय राहिली नाही. १९९९ च्या सीझनमध्ये मायकेल विकला घेऊन ते थेट राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेले. व्हर्जिनिया टेकमध्ये त्यांच्या नावावर २३८ विजय आहेत. सहाव्या वर्षी धीर सुटला असता तर यातलं जवळपास काहीच घडलं नसतं.

अलीकडचं उदाहरण मिशिगनचे तेव्हाचे कोच जिम हार्बॉ. २०२० चा तुटका सीझन २-४ वर संपला आणि कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्ध तोवर त्यांना एकही विजय नव्हता. कॉलेजने त्यांना काढलं नाही, नवा करार करून पगार जवळपास निम्म्यावर आणला. त्यांनीही बचावाचा प्रमुख बदलून एनएफएल या व्यावसायिक लीगमधून तरुण माइक मॅकडॉनल्डला आणलं. २०२१ ला ओहायो स्टेटला ४२-२७ ने हरवलं आणि २०२३ ला १५-० ने अजिंक्यपद मिळवलं.

उलट घाईची किंमत काय असते हे आम्हा नेब्रास्कावाल्यांइतकं कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. २००३ मध्ये फ्रँक सॉलिक यांना ९-३ वर काढलं. सहा वर्षांत त्यांचे ५८ विजय आणि १९ पराभव होते. त्यांच्या जागी आलेल्या बिल कॅलहननी पहिल्याच वर्षी ५-६ केलं. १९६१ नंतर पहिल्यांदाच नेब्रास्काचे विजयांपेक्षा पराभव जास्त झाले आणि १९६९ पासून सलग चालत आलेली बोल गेमची परंपराही तुटली. पुढे बो पेलिनींनी सात सीझन एकदाही नऊच्या खाली विजय जाऊ दिले नाहीत, तरी २०१४ मध्ये त्यांनाही ९-३ वर निरोप मिळाला. त्यांच्यानंतर माइक राइली, तीन वर्षांत १९-१९. म्हणजे ‘बदला’ या पर्यायाचा आमचा अनुभव मुळीच चांगला नाही. २०२१ मध्ये माझ्या ओळखीतले बरेच शहाणे लोक ‘वेळ द्या’ म्हणत होते ते याच इतिहासामुळे, आणि त्यांचं म्हणणं मला पटत होतं.

फ्रॉस्टबद्दल मायाही होतीच. १९९७ च्या अजिंक्य टीमचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू), नेब्रास्कातच वाढलेला, सेंट्रल फ्लोरिडाला २०१७ मध्ये १३-० करून परत आलेला. बीमर आणि हार्बॉसुद्धा आपापल्या कॉलेजचे जुने खेळाडू. त्यामुळे घरचा माणूस आहे, सांभाळून घेऊ, हा युक्तिवाद तिन्ही ठिकाणी सारखाच होता आणि दोन ठिकाणी तो खराही ठरला. फ्रॉस्टची पहिली तीन वर्षं ४-८, ५-७ आणि ३-५ गेली. तोपर्यंत मीही वेळ द्यावा याच मताचा होतो. मोडलेली टीम उभी करायला तीन वर्षं लागतात, हे मला आजही रास्त वाटतं.

मग २०२१ आलं. त्या वर्षी आम्ही ३-९ होतो, पण आकडे विचित्र होते. नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. वर्षभराचा हिशेब मांडला तर आम्ही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुण जास्त केले होते. मिशिगनशी तीन गुणांनी हरलो, ओक्लाहोमाशी त्यांच्या मैदानावर सातने, ओहायो स्टेटशी नऊने. सगळीकडे एकच सूर होता, की थोडक्यात जातंय, एक वर्ष थांबा. बाहेरच्या माणसाने नुसते निकाल पाहिले असते तर त्यानेही हेच म्हटलं असतं.

मी मात्र सामने पाहत होतो, आणि मला एक गोष्ट सहन होईनाशी झाली होती, ती म्हणजे स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकड्या. पहिल्याच सामन्यात इलिनॉयविरुद्ध आमच्या खेळाडूने पंट (चेंडू समोरच्यांना सोडताना मारलेली लांब किक) आपल्या गोलरेषेजवळ झेलला आणि त्यातून सेफ्टी, म्हणजे दोन गुण, दिली. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची जादा गुणाची किक अडवली गेली आणि ती परत नेऊन त्यांनी दोन गुण घेतले. वर आमच्या फील्ड गोलच्या किक हुकल्या, आणि सामना सात गुणांनी गेला. पुढच्याच शनिवारी मिशिगन स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही २०-१३ पुढे होतो. बचाव इतका सुंदर खेळत होता की त्या आठवणीने अजून वाईट वाटतं. शेवटची चार मिनिटं उरली असताना पंट एका बाजूला गेला आणि कव्हरेज (तो परत आणणाऱ्याला अडवायला धावणारे आमचे खेळाडू) दुसऱ्या बाजूला. त्यांचा रिसीव्हर ६२ यार्ड मोकळा पळाला, सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. शेवटच्या सामन्यात आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये आमचा पंट ब्लॉक होऊन थेट टचडाउन. तो सामनाही सात गुणांनी गेला.

हरणं मी समजू शकतो. तरुण लाइन असेल, क्वार्टरबॅक जखमी असेल, समोर ओहायो स्टेट असेल, तर हरणारच. पण ऑगस्टमध्ये जी जागा गळते तीच नोव्हेंबरच्या शेवटी गळत असेल, आणि आधीच्या वर्षांतही तिचीच तक्रार असेल, तर त्या टीमला वेळ मिळाला नव्हता असं कसं म्हणायचं? वेळ मिळाला होता, तो त्या जागी लागला नाही. फ्रॉस्टच्या काळात २०२१ संपेपर्यंत नेब्रास्कात मैदानावर फक्त स्पेशल टीम्स सांभाळणारा एकही कोच नव्हता. ते काम कधी बचावातल्या लाइनबॅकर्सच्या कोचकडे जोडीला दिलेलं असायचं, कधी एखाद्या विश्लेषकाकडे. असा माणूस नेमला गेला तो २०२२ च्या सीझनसाठी, म्हणजे पाचव्या वर्षी.

आणि इथेच बीमरशी तुलना मला उलगडली. वेळेच्या बाजूने जो माणूस साक्षीला काढतात, त्याची सगळी ओळख स्पेशल टीम्सवर उभी आहे. ब्लॉक केलेले पंट, किक परत नेऊन केलेले टचडाउन, यालाच तर लोक ‘बीमरबॉल’ म्हणतात. १९९२ ला त्यांचीही टीम चौथ्या क्वार्टरमध्ये आघाड्या घालवत होती. पण जिथे चाळीस-चाळीस यार्डांचा फरक एका किकमध्ये पडतो ते काम त्यांनी दुसऱ्यावर सोडलं नाही, स्वतःकडे ठेवलं. थोडक्यात हरणाऱ्या टीमला जिंकायला लावणारी गोष्ट तीच होती. आमच्याकडे नेमकी तीच गोष्ट कोणाच्या खास जबाबदारीची नव्हती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅथलेटिक डायरेक्टर ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी फ्रॉस्टना ठेवलं. पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आला, बायआउट (मुदतीआधी काढल्यास कोचला द्यायची रक्कम) पुढच्या ऑक्टोबरपासून निम्मा ठरला, आक्रमणाकडचे चार सहाय्यक गेले. मिशिगनने हार्बॉसाठी जे केलं तेच जवळपास. कागदावर तो शहाणा, मधला मार्ग होता आणि अल्बर्ट्सना मी दोष देत नाही. माझं मत मात्र तेव्हा बदलाच्या बाजूने पडलं. तिकिटं ठेवली, कारण १९६२ पासून ते स्टेडियम भरत आलंय आणि त्यात माझी खुर्ची रिकामी असावी असं मला वाटत नाही. वरचं डोनेशन थांबवलं.

२०२२ चा पहिला सामना डब्लिनला. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्टनी ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मागवली. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती गेला, त्यांनी टचडाउन केलं आणि पुढे सामना ३१-२८ ने जिंकला. स्पेशल टीम्सचा कोच नवा नेमला होता, कागदावर सगळं झालं होतं, आणि सामना पुन्हा किकवरच फिरला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने आम्हाला लिंकनमध्ये ४५-४२ ने हरवलं. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण करून नेब्रास्का त्याआधी एकदाही हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टना काढलं. बायआउट दीड कोटी डॉलर. तीन आठवडे थांबले असते तर ७५ लाखांत भागलं असतं. पैशाबद्दल लोक फार बोलतात, मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. इतकी रक्कम देऊनही तीन आठवडे थांबवत नाही, यावरून आतली अवस्था समजते.

आता वेळेच्या बाजूला मी पूर्वीपेक्षा कमी वजन का देतो, त्याचं दुसरं कारण. बीमरच्या काळात खेळाडू चार-पाच वर्षं तिथेच राहायचा. दुसऱ्या वर्षी भरती केलेला मुलगा सहाव्या वर्षापर्यंत पिकायचा, म्हणून सहा वर्षं देण्यात अर्थ होता. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ पासून एकदा बदली करून लगेच खेळता येऊ लागलं, २०२४ ला बदल्यांची मर्यादाच उठली. आज कोचला जादा वर्ष दिलं तरी त्याने घडवलेले खेळाडू त्या वर्षात हजर असतीलच असं नाही. चांगले दोन-तीन जण सीझन संपताच निघून जातात. आणि याच पोर्टलमुळे नव्या माणसाला मात्र पाया घालत बसावं लागत नाही. इंडियानाने २०२३ ला ३-९ नंतर टॉम अ‍ॅलन यांना निरोप दिला. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आपले बरेच खेळाडू बरोबर घेऊन आले आणि २०२४ ला ११-२ करून प्लेऑफमध्ये पोचले. प्रत्येक कॉलेजला सिग्नेटी सापडत नाही, हे मान्य. पण वर्ष वाया जाण्याची भीती पूर्वी बदलाच्या बाजूला असायची, ती आता थांबण्याच्या बाजूलाही तितकीच आहे.

म्हणून तुमचं ठरत नसेल तर माझ्यापुरती पद्धत सांगतो. जय-पराजयाचा आकडा बाजूला ठेवा. गेल्या दोन सीझनमधले थोडक्यात गेलेले सामने आठवा आणि प्रत्येक कशाने गेला ते एका ओळीत लिहा. पराभवांची कारणं बदलत असतील, जुनं दुखणं बरं होऊन नवं निघत असेल, तर मी वेळ देईन, अगदी ४-८ ला सुद्धा. एकच कारण ओळीमागून ओळीत येत असेल आणि त्या कामाचा माणूसही बदललेला नसेल, तर मी बदलाकडे झुकतो, मग पराभव तीन गुणांचे असोत की तीसचे.

याच मापाने मी फ्रॉस्टनंतर नेमलेले कोच मॅट रूल यांच्याबाबत उलटी बाजू घेतली. आठ वर्षं आणि ७ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर ते आले. २०२३ ला आम्ही ५-३ वरून शेवटचे चारही सामने हरलो, चारही एका स्कोअरच्या फरकाने, आणि बोल गेम हुकली. ओमाहातल्या घराघरांत पुन्हा तेच जुने सूर ऐकू आले. पण ते सामने हातातून चेंडू घालवल्यामुळे जात होते, आक्रमण कच्चं होतं, आणि पुढच्या वर्षी फरक दिसला. आक्रमण अडखळतंय म्हटल्यावर त्यांनी सीझन संपायची वाट पाहिली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्येच डेना होल्गरसनना बोलावून ते काम त्यांच्याकडे दिलं. ७-६ आणि पिनस्ट्राइप बोलमध्ये बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय. २०१६ नंतरची आमची ती पहिली बोल गेम होती. आकडा फार मोठा नाही आणि रूल आम्हाला जुन्या दिवसांपर्यंत नेतील की नाही हे मी सांगू शकत नाही. पण २०२३ च्या शेवटी मला कोणी विचारलं तेव्हा मी ‘थांबा’ म्हटलं होतं, आणि थांबवलेलं डोनेशन त्याच हिवाळ्यात पुन्हा सुरू केलं.