टॉवरांच्या फेरमांडणीनंतरचं रायबंदर: काही महिन्यांचा अनुभव

गोव्यातल्या रायबंदरात नदीकाठच्या आमच्या घरात रेंज कायम फुल. तरी आईला फोन लावणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू यायचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीने इथल्या टॉवरांची फेरमांडणी केली. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून कार्निव्हल होईपर्यंत थांबलो.

फोनमध्ये नेटमॉन्स्टर हे नेटवर्कची माहिती दाखवणारं ॲप आहे. फोनने टॉवरचा सेल बदलला की त्यात टीएसी, म्हणजे ट्रॅकिंग एरियाचा (टॉवरांच्या गटाचा) नंबर दिसतो. पूर्वी खिडकीत ठेवलेला फोन घडीत अलीकडचा टॉवर धरायचा, घडीत मांडवीपलीकडचा चोडणचा. नदीवर सिग्नल अडवायला आहेच काय! आणि दोन्ही काठांचे टीएसी वेगळे. त्यामुळे टॉवर बदलला की दरवेळी एमएमईला, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत कुठला फोन कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या भागाला, ‘आता इथे आहे’ असं कळवणं आलं. नेमका तेव्हाच कॉल आला, तर एमएमई जुन्या एरियातच हाका मारत राहतो. फोन खिडकीतच, पण नेटवर्कच्या लेखी नदीपार. काठावरच्या घराघरांत हेच चालू असेल तर एमएमईच्या डोक्याला केवढा फुकटचा ताप!

आता दोन्हीकडे एकच टीएसी दिसतो आणि आईला फोन पहिल्या झटक्यात लागतो. खरं तर एरिया एक न करताही हे जमलं असतं. एमएमई फोनला 16 पर्यंत एरियांची यादी देऊ शकतो. यादीतल्या यादीत फिरलं तर कळवायची गरज नसते. आधीच का नाही केलं, देव जाणे. बॅटरीही जरा जास्त पुरते, पण मधे फोनचं अपडेट आलं होतं, तेव्हा ते श्रेय कंपनीला देत नाही.

एरिया मोठा झाला की पेजिंग, म्हणजे फोनला हाका मारणं, वाढतं: कॉल एकाला, हाक सगळ्या टॉवरांवरून. 3 डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात गर्दी लोटली तेव्हा इथेही रिंग उशिरा वाजायची. अर्थात गर्दीचा लोडही होताच.

सुरुवातीला चोडणच्या फेरीबोटीत मध्यावर कॉल हमखास तुटायचा. चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवायला लागणारी ‘शेजारी’ म्हणून नोंद नव्या मांडणीत दोन टॉवरांची करायची राहून गेली असावी. कस्टमर केअरचं उत्तर: ‘सर, सिम काढून परत घाला.’ घातलं. कॉल तुटतच राहिला, आणि मग एक दिवस काही न करता थांबला.

मागच्या खोलीत मात्र रेंज पूर्वीपेक्षा कमी झाली, ती तशीच आहे. तिथे वायफाय कॉलिंगवर भागवतो. पोर्ट करायचं तूर्त रद्द.