हॅरोचं घर, शेजारचा ओक आणि ट्री रिपोर्ट: एक कोरडा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

लंडनमध्ये घर घेताना मॉर्गेजचं, म्हणजे गृहकर्जाचं, सगळं जुळत आलेलं असतं आणि बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरच्या अहवालात एक ओळ निघते: घरापासून जवळच मोठं झाड आहे, तज्ज्ञाचा रिपोर्ट आणा. आमच्या बाबतीत ते झाड होतं शेजारच्या बागेतला ओक. घर हॅरोमधलं, 1930च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेलं. मागच्या भिंतीपासून ओकचा बुंधा साधारण 12 मीटरवर. रिपोर्टला व्हॅट धरून साडेतीनशे पौंडांच्या आसपास पडले. घर घेतलं 2025च्या सुरुवातीला. त्यानंतरचा उन्हाळा ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला, त्यामुळे रिपोर्टची कसोटीही लागली. ओळखीतले लोक दोनच गोष्टी विचारतात: किती पडले आणि बँकेने मानला का? माझ्या मते त्याची खरी किंमत या दोन्हींच्या पलीकडे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बँक घाबरते कशाला, ते. लंडनच्या बऱ्याच भागाखाली ‘लंडन क्ले’ नावाची चिकणमाती आहे. मराठवाडा-विदर्भातली काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: उन्हाळ्यात भेगाळते, पाण्याने फुगते. इथली मातीही त्याच स्वभावाची. त्यात मोठं झाड उन्हाळाभर पाणी ओढतं, पायाखालची माती आकसते आणि घराचा एक कोपरा खचतो. यालाच सबसिडन्स म्हणतात. जुन्या घरांचे पाये उथळ. 1976च्या दुष्काळात घरांना इतके तडे गेले, की त्यानंतर अशा मातीत पाये जास्त खोल घ्यायला लागले. आमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. शिवाय प्रत्येक झाडाची तहान वेगळी. ओक, विलो, पॉप्लर ही फार पाणी ओढणारी. बर्च, मॅग्नोलिया, हॉली कमी. इन्शुरन्सवाल्यांच्या कोष्टकात विलोचा प्रभाव 40 मीटरपर्यंत आणि ओकचा 30 मीटरपर्यंत धरतात. त्या हिशेबाने 12 मीटरवरचा ओक कोणाच्याही नजरेत येणारच.

तज्ज्ञ निवडताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट: ज्याचा धंदा झाड तोडण्याचा आहे, त्याच्याकडून रिपोर्ट घेऊ नये. आम्हाला एका कंपनीने ‘पाहणी फुकट, फक्त छाटणीचं काम आम्हाला द्या’ असं सांगितलं होतं. अशा पाहणीत काय निघणार हे उघड आहे. आम्ही आर्बोरिकल्चरल असोसिएशन या वृक्षतज्ज्ञांच्या संघटनेच्या नोंदणीकृत सल्लागारांच्या यादीतून स्वतंत्र माणूस शोधला. दुसरं, ‘बीएस 5837’ या ब्रिटिश मानकाप्रमाणे केलेली पाहणी बँकेला नको असते. ती बांधकामासाठी. त्यात झाडांना ए, बी, सी, यू अशा श्रेण्या देतात, कोणतं झाड राखायचं ते ठरवायला. झाडामुळे घराला धोका किती, हा प्रश्न त्यात येतच नाही. कोटेशन मागतानाच ‘मॉर्गेज आणि इन्शुरन्ससाठी’ असं स्पष्ट लिहावं.

सल्लागार आले ते फेब्रुवारीच्या बोचऱ्या थंडीत. झाडाची उंची, खोडाचा व्यास, भिंतीपासूनचं अंतर मोजलं. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकून कुठे पोकळ आवाज येतो का ते ऐकलं, मुळाशी अळंबी आहे का ते पाहिलं. मग त्यांनी झाडाकडे पाठ केली आणि तितकाच वेळ घराला दिला. खिडक्यांचे कोपरे, दारांच्या चौकटी, मागच्या एक्स्टेन्शनचा सांधा, गटाराची झाकणं सगळं बघितलं. हे मला फार आवडलं. झाड कितीही मोठं असलं तरी प्रश्न शेवटी घराचा असतो.

रिपोर्टमधला सोन्याचा परिच्छेद ओकच्या वयाचा होता. हा ओक घरापेक्षा जुना आहे. म्हणजे घर बांधलं तेव्हाच तिथली माती त्याने पाणी ओढून कोरडी केलेली होती. आता तो तोडला, तर माती पुढची कित्येक वर्षं पाणी पीत फुगत जाईल आणि पाया वर उचलला जाईल. याला हीव्ह म्हणतात आणि तो खचण्याइतकाच घातक ठरू शकतो. झाड तोडलं की धोका संपला, असं आपल्याकडे आणि इथेही सर्रास मानतात. जुन्या झाडाच्या बाबतीत ते साफ चुकीचं ठरू शकतं. फांद्या थोड्या विरळ करूनही पाण्याची ओढ फारशी कमी होत नाही, हेही त्यांनी लिहिलं होतं. शिवाय काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, नकाशात या ओकवर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर (झाडाच्या संरक्षणाचा आदेश) असल्याचं निघालं, म्हणजे परवानगीशिवाय कुऱ्हाड लावणं गुन्हा. कंझर्व्हेशन एरियात, म्हणजे जतनासाठी राखलेल्या भागात, तर ऑर्डर नसली तरी जमिनीपासून दीड मीटर उंचीवर 75 मिलिमीटरपेक्षा जाड खोड असलेल्या झाडासाठी सहा आठवडे आधी काउन्सिलला कळवावं लागतं.

बँकेने रिपोर्ट विनातक्रार मानला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

इन्शुरन्सला मात्र तो वारंवार लागला. ब्रिटनमध्ये घराच्या पॉलिसीत सबसिडन्सचं कवच 1971 पासून येऊ लागलं आणि आज त्याच्याशिवाय मॉर्गेज मिळणं कठीण. अर्ज भरताना जवळच्या उंच झाडांबद्दल विचारतात, तिथे खरंच लिहावं. 2012च्या कायद्याने ग्राहकावर तेवढी जबाबदारी आहे आणि चुकीच्या उत्तरावर पुढे क्लेम अडू शकतो. एका कंपनीने फोनवर ‘ओक, 12 मीटर’ ऐकताच नाही म्हटलं. दुसरीच्या अंडररायटरने, म्हणजे जोखीम तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, रिपोर्ट मागवून वाचला आणि नेहमीच्याच अटींवर पॉलिसी दिली. सबसिडन्सच्या क्लेममध्ये पहिले हजार पौंड आपल्या खिशातून जातात, ते सगळीकडे साधारण तसंच आहे.

मग तो उन्हाळा. लॉन पिवळं पडलं, कुंपणाकडेला मातीत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. जुलैत वरच्या बेडरूमच्या खिडकीशेजारी प्लास्टरला केसासारखी रेघ दिसली. रिपोर्ट नसता तर आमची झोप उडाली असती. त्यात घर ताब्यात घेतल्याबरोबर सगळ्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढायला सांगितलं होतं, आणि घाबरावं कशाला हेही: तिरका तडा, वरच्या बाजूला रुंद, आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारा आणि तीन मिलिमीटरपेक्षा मोठा. आमची रेघ यातल्या कशातच बसत नव्हती. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख लिहून ठेवली. ती पुढे सरकली नाही आणि पावसाळी नोव्हेंबरात जवळजवळ मिटली.

उणिवाही सांगतो. पाहणी हिवाळ्यातली, झाड निष्पर्ण, त्यामुळे शेंड्याची तब्येत नीट कळली नाही. पानं असताना पुन्हा पाहावं असं रिपोर्टमध्येच लिहिलं आहे, त्याचे पैसे वेगळे. मातीचा नमुना घेतलेला नाही, भूगर्भ सर्वेक्षणाच्या नकाशावर भिस्त. पायाची खोली घराच्या वयावरून अंदाजाने धरली आहे. शेजारच्या आवारात जायची परवानगी तेव्हा घेतलेली नव्हती, म्हणून बुंध्याची पलीकडची बाजू कुंपणावरून जेवढी दिसली तेवढीच. आणि गटारं यात येत नाहीत. जुन्या मातीच्या पाइपांच्या सांध्यातून पाणी झिरपलं की मुळं तिथे शिरतात आणि माती वाहून जाऊनही घर खचू शकतं. आम्ही कॅमेऱ्याने गटारांची तपासणी वेगळी करून घेतली. माझा आग्रह आहे की दोन्ही एकत्रच कराव्यात, आणि काँट्रॅक्ट एक्स्चेंज होण्याआधी (त्यानंतर व्यवहार बंधनकारक होतो), म्हणजे किमतीत घासाघीस करायला किंवा मागे फिरायला वाव राहतो.

ज्यांच्या बागेत झाड आहे त्या शेजारच्या आजींना मी रिपोर्टची प्रत दिली. झाडाच्या मुळांनी दुसऱ्याच्या घराचं नुकसान झालं तर जबाबदारी झाडाच्या मालकावर येऊ शकते, याची त्यांना धास्ती होती. दारावर आलेल्या कोणा छाटणीवाल्याने ‘हा ओक दोन्ही घरं पाडेल’ म्हणून त्यांना घाबरवून ठेवलं होतं. आजींनी हीव्हचा परिच्छेद दोनदा वाचला आणि त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. जूनमधली पाहणी आता आम्ही निम्मा-निम्मा खर्च वाटून घेऊन करतोय, यावेळी त्यांच्या बाजूच्या फाटकातून आत जाऊन.