पोवई नाक्याजवळची अभ्यासिका : दहावीच्या मुलीच्या पालकाचा अभिप्राय

साताऱ्यातील बहुतेक अभ्यासिका एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या उमेदवारांवर चालतात, त्यामुळे शाळकरी मुलांना तेथे अवघडल्यासारखे होते. पोवई नाक्याजवळच्या या अभ्यासिकेत मात्र त्यांच्यासाठी सायंकाळी पाच ते साडेआठ ही वेळ राखून ठेवलेली आहे, म्हणून आम्ही मुलीचे नाव तेथे नोंदवले. शुल्क महिना ८०० रुपये असून लॉकरची अनामत वेगळी द्यावी लागते. उजेड पुरेसा आहे, इन्व्हर्टर आहे, आणि पंखे थोडे कुरकुरतात.

पैसे वसूल होतात ते दोन नियमांमुळे. पहिला म्हणजे मोबाइल दाराशीच जमा करावा लागतो आणि घरी निघतानाच परत मिळतो. दुसरा नियम अधिक मोलाचा आहे. शेवटच्या अर्ध्या तासात पुस्तके मिटून त्या दिवशी जे वाचले ते कोऱ्या कागदावर आठवेल तसे लिहायचे, आणि मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने भरायचे. मुलीला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटे, कारण धडा पुन्हा एकदा वाचून काढला की सारे येत असल्याचा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच दिसले होते : पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, परंतु आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. हे कागद फाइलला लावून रविवारी त्यांतील जुना भाग पुन्हा लिहून घेतला जातो, त्यामुळे इतिहासातील सनावळ्या आणि विज्ञानाच्या व्याख्या आता घोकाव्या लागत नाहीत. गणितासाठी मात्र ही पद्धत अपुरी पडते. तेथे उदाहरणे सोडवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि अडलेले समजावून सांगणारे येथे कोणी नाही.

जे पटले नाही तेही नोंदवतो. कोण किती तास बसला याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे मुले अभ्यासाची नव्हे तर बसण्याची चढाओढ करतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे सहामाही परीक्षेच्या आधी शाळकरी मुलांनाही 'नाइट बॅच' घेण्याचा आग्रह झाला. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे, आणि दिवसा शिकलेले झोपेतच स्मृतीत पक्के होत असल्याने जागरणाने झाला तर तोटाच होतो. आम्ही नकार दिला, तो चालकांनी मानला, पण आग्रह धरायलाच नको होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह काढून गरीब मुलांना स्वावलंबनाचे वळण लावले, तेथे आता शिस्तीलाही मासिक पावती लागते, हा विचार शुल्क भरताना मनात येतोच.

कोऱ्या कागदाची सवय मूल घरी स्वतः पाळू शकत असेल आणि पालक मोबाइल बाजूला ठेवायला लावू शकत असतील, तर येथे येण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी जागा किंवा शांतता नाही त्यांनी सायंकाळची वेळ अवश्य घ्यावी, मात्र नोंदणी जूनमध्येच करावी, कारण दिवाळीनंतर खिडकीकडील जागा शिल्लक राहत नाहीत.