८० मिलिमीटरचे सांगून ५२चे गट्टू बसवून गेला

नागपुरात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, या बाजूला घर बांधलेल्यांनी हे नक्की वाचा. "ताई, लेआउटच्या साइटवरचा माल उरला आहे, स्वस्तात गट्टू बसवून देतो" म्हणत कुणी दाराशी आलं तर गेट उघडू नका. (गट्टू म्हणजे अंगणात बसवायचे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक.)

माझे ५४,००० रुपये गेले. गेटपासून पोर्चपर्यंत ६४० चौरस फूट, ९० रुपयांनी ५७,६०० ठरले होते. २०,००० अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले, माल उतरला त्या दिवशी २५,००० रोख, काम संपल्यावर ९,०००. उरलेले ३,६०० पावसानंतर देईन म्हटलं होतं. ते घ्यायला तो आजवर आलेला नाही.

नातेवाईक म्हणतात, स्वस्ताच्या नादी लागलीस. तसं नव्हतं. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, वॉकर घेऊन त्यांना खडबडीत अंगणातून चालता येत नव्हतं. पावसाच्या आधी काम व्हायला हवं होतं आणि मिस्टर नोकरीला पुण्यात. दुसऱ्या एकाने ११० रुपये दर सांगून जूनअखेरची तारीख दिली होती. माझ्या जागी कुणीही यालाच हो म्हटलं असतं.

दाखवायला आणलेला गट्टू खरंच ८० मिमीचा होता, एका हाताने पेलवत नव्हता. जाताना त्याने तो पिशवीत घालून नेला आणि मी नेऊ दिला. नमुना घरात ठेवून घ्या, त्यावर त्याची सही घ्या.

माल उतरला तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "अवं, हे गट्टू ओले काऊन आहेत? अन् कोपरे हातानंच झडून राहिले." तो लगेच म्हणाला, "बाबाजी, पाणी मारून आणले ना, टेन्शन नका घेऊ." मी मान हलवली. बाबांनी आयुष्यभर बांधकामावर मजूर सांभाळले आहेत, आणि मी त्यांचं सोडून त्याचं ऐकलं. शिलाई मशीनच्या खणात टेप होता. दहा पावलं आत जाऊन तो आणला असता तर त्या दिवसाचे २५,००० तरी वाचले असते. हे आठवलं की अजून झोप येत नाही. ते ओलेपण पाण्याचं नव्हतं, गट्टू कालपरवाच साच्यातून काढलेले होते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात आणि मेच्या आपल्या उन्हात पाण्यावाचून ठेवलेला माल कच्चाच राहतो.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर आधी मुरूम टाकून दाबावा लागतो, मग रेतीचा थर, मग गट्टू, कडेला कर्ब म्हणजे गट्टू धरून ठेवणारी काँक्रीटची कड आणि शेवटी प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे दाबायचं मशीन. याने मातीवरच चुरी (खडीचा चुरा) पसरली आणि हाताने धुम्मस मारली. मुरमाची ट्रॉली "उद्या येते" म्हणाला, तो उद्या काही उजाडला नाही. कर्ब नाही म्हणून कडेचे गट्टू बाहेर सरकले. जुलैच्या दुसऱ्या पावसात शेजाऱ्यांची गाडी वळली तिथे चाकाच्या दोन नाल्या पडल्या. बाबांचा वॉकर त्यातच अडकला. पडले नाहीत, एवढंच.

मग मोजलं. ५२ मिमी! आयएस १५६५८ या मानकात हलक्या वाहतुकीलासुद्धा ६० मिमी जाडी आणि एम-३५ ही काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड लागते. एक गट्टू गच्चीवर वाळवून किराणा दुकानात तोलला, ४ किलो २००. चोवीस तास पाण्यात ठेवला, ४ किलो ६२०. म्हणजे १० टक्के पाणी प्यायला, मानकात सरासरी ६ टक्क्यांची मर्यादा आहे. हे तुम्हीही करू शकता, आणि पैसे देण्याआधी करा.

पोलिसांकडे गेले. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." बिल आहे का? नाही. पत्ता? नाही. यूपीआयवर नाव आणि नंबर दिसतो, तो तरी शोधा म्हटलं, तर "ताई, काम तर झालंय ना?" हो, झालंय, घरी येऊन बघा! पुन्हा गेले तर साहेब गणपतीच्या बंदोबस्तात. मग दीक्षाभूमीचा बंदोबस्त. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. चार चकरा झाल्या आणि अर्जाची पोचसुद्धा तिसऱ्या चकरेला भांडून मिळाली. चौथ्या वेळी तिथल्याच एकाने विचारलं, "एवढ्याशा पैशासाठी?" सासऱ्यांच्या पेन्शनमधून साठवलेले पैसे होते ते.

रोख देऊच नका. साध्या कागदावर का होईना जाडी, ग्रेड, मुरमाचा थर आणि कर्ब लिहून घ्या. आधार कार्डाचा फोटो काढा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण समोरच्याचा पत्ता हवा. माझं तिथेच अडलं आहे.

सगळं उखडून मुरूम भरून परत बसवायचे ६१,००० सांगितले आहेत. बाबा सध्या मागच्या दाराने ये-जा करतात. तुमच्याकडेही हाच "उरलेला माल" उतरला असेल तर पैसे दिल्याच्या पावत्या घेऊन मला भेटा. पुढच्या वेळी ठाण्यात मी एकटी जाणार नाही.